टूलटिप बंद केली आणि प्रोग्राम उघडेनासा झाला: बडोद्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मर आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे बरेच कारखाने आहेत. त्यांच्या चाचणी विभागासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका लहान कंपनीतले हे प्रकरण आहे. कंपनीचे आणि ग्राहकाचे नाव इथे दिलेले नाही. तांत्रिक तपशील मात्र घडले तसेच ठेवले आहेत.

सॉफ्टवेअरचे काम सरळ आहे. वाइंडिंगचा रोध, व्होल्टेज रेशो, नो-लोड लॉस, लोड लॉस ही मापने मीटरकडून सिरियल पोर्टवरून घ्यायची, आयएस ११८० किंवा आयएस २०२६ या भारतीय मानकांतल्या मर्यादांशी ताडून पाहायची आणि चाचणीचा दाखला छापायचा. हे दोन जागी चालते. चाचणीच्या बाकावर पंखा नसलेला छोटा औद्योगिक संगणक असतो, त्याला टचस्क्रीन आणि त्यावर लिनक्स. इंजिनिअरच्या टेबलावर विंडोज. कोड एकच, सी++ मधला, आणि खिडक्या-बटणांसाठी डब्ल्यूएक्सविजेट्स ही लायब्ररी.

ही लायब्ररी १९९२ साली एडिंबरो विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी सुरू केली. ती स्वतःची बटणे रंगवत बसत नाही. विंडोजवर विंडोजची आणि लिनक्सवर जीटीके या लायब्ररीची मूळ बटणे वापरते. एवढ्या वेगवेगळ्या जमिनींवर उभे राहायचे म्हणून तिच्यातला जवळजवळ प्रत्येक भाग कंपाइल करतानाच, म्हणजे कोडचा प्रोग्राम बनवतानाच, चालू किंवा बंद करता येतो. त्यासाठी ‘सेटअप.एच’ नावाची हेडर फाइल (कंपाइल होताना कोडमध्ये ओढली जाणारी फाइल) आहे. तिच्यात ‘डब्ल्यूएक्स-यूज-अमुक’ अशा नावांचे शेकडो मॅक्रो, म्हणजे नाव दिलेल्या किमती, असतात आणि प्रत्येकाची किंमत १ किंवा ०. (मूळ फाइलीत ही नावे रोमन लिपीत असतात आणि पुढचे शब्द अधोरेषेने जोडलेले असतात. इथे ती देवनागरीत लिहिली आहेत.)

या फाइलीची जागा नीट समजून घेतली नाही तर पुढचे काहीच कळणार नाही. विंडोजवर मेकफाइलने बिल्ड करताना मूळ फाइल ‘इन्क्लूड’मधल्या ‘डब्ल्यूएक्स’च्या ‘एमएसडब्ल्यू’ फोल्डरमध्ये असते. बिल्ड सुरू झाले की तिची प्रत ‘लिब’ फोल्डरच्या आत, त्या कंपायलरच्या आणि त्या प्रकारच्या बिल्डच्या फोल्डरमध्ये पडते. रिलीज आणि डीबग बिल्डना आपापली प्रत मिळते. खरी कामाची फाइल ही प्रतच. लिनक्सवर मूळ फाइल नसतेच. ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट मशीनवर काय आहे ते तपासून ती फाइल तयार करते आणि तीही ‘लिब’च्या पोटातच ठेवते. म्हणजे सेटअप.एच कागदोपत्री हेडर असली तरी तिची जागा तयार लायब्ररीशेजारी आहे, आणि ते योग्यच आहे.

मागणी काय होती

एका मोठ्या ग्राहकाच्या संगणक विभागाने अट घातली की चाचणीच्या बाकावरच्या संगणकात ब्राउझरचा कोणताही घटक नको, चित्रफीत वाजवणारा घटक नको आणि बाहेरच्या जाळ्याशी बोलणारा एचटीटीपी किंवा एफटीपीचा कोड नको. शिवाय इन्स्टॉलर लहान हवा होता, कारण तो पेन ड्राइव्हवर घालून हॉलमध्ये न्यावा लागे.

कंपनी त्याच सुमारास लायब्ररीच्या ३.० मालिकेवरून ३.२ वर येत होती. एकदा सगळे नव्याने बिल्ड करायचेच आहे तर नको ते भाग बंद करून टाकू, असा विचार झाला. वेबव्ह्यू, मीडिया कंट्रोल, रिबन, रंगीत संपादक (कोड रंगांत दाखवणारा) आणि रिचटेक्स्ट यांना शून्य दिले. एचटीटीपी आणि एफटीपीलाही शून्य दिले. मग यादी तशीच खाली वाचत जाताना टूलटिपलाही, म्हणजे बटणावर माउस थांबला की उमटणाऱ्या छोट्या सूचनेलाही, शून्य दिले. टचस्क्रीनवर माउस फिरत नाही, टूलटिप दिसणार कुठून, हा त्यामागचा तर्क.

तर्क चुकीचा नव्हता. पण हा शेवटचा पर्याय बाकीच्यांच्या जातीचा नव्हता, आणि सेटअप.एच वाचताना हा फरक कुठेच डोळ्यांत भरत नाही. सगळ्या ओळी एकसारख्याच दिसतात.

बिघाड

लायब्ररी एका मशीनवर बिल्ड झाली. तयार झालेल्या ‘.लिब’ फाइली (कंपाइल झालेली लायब्ररी) कार्यालयातल्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवल्या. हेडर मात्र प्रत्येकाकडे गिटमधून, म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनातून, येत होते.

ज्या मशीनवर लायब्ररी बनली तिथे प्रोग्राम व्यवस्थित चालला. दुसऱ्या मशीनवर तो कंपाइल झाला, लिंक झाला (लायब्ररीशी जोडला गेला), एकही इशारा आला नाही, आणि मुख्य खिडकी दिसायच्या आतच कोसळला. डीबगरमध्ये कॉलस्टॅक (कोणत्या फंक्शनने कुणाला हाक मारली त्याची यादी) पाहिला तर तो अर्थहीन वाटत होता. लायब्ररीतले एक फंक्शन खिडकीच्या एका फंक्शनला हाक मारत होते आणि पाऊल पडत होते भलत्याच फंक्शनमध्ये.

पहिला संशय कंपायलरच्या आवृत्तीवर गेला. दोन्हीकडे एकच होती. मग डीबग आणि रिलीजची सरमिसळ तपासली, तीही नव्हती. लायब्ररीची स्वतःची तपासणी, जी प्रोग्राम सुरू होताना ‘प्रोग्राम आणि लायब्ररीची बिल्ड जुळत नाही’ असा संदेश देते, तीही गप्प होती. त्यामुळे सगळ्यांची खात्री झाली की पर्याय जुळलेलेच आहेत, आणि शोध आपल्याच कोडमधल्या मेमरीच्या चुकांकडे वळला. इथे बराच वेळ वाया गेला.

त्या तपासणीवरचा विश्वास समजण्यासारखा आहे, पण तिची कुवत मर्यादित आहे. ती एक अक्षरमाला, म्हणजे मजकुराची एक ओळ, ताडून पाहते. त्या अक्षरमालेत लायब्ररीची आवृत्ती, युनिकोडची पद्धत, कंपायलरचा एबीआय (तयार कोडचे तुकडे जोडण्याचे नियम), कंटेनर (यादीसारख्या रचना) एसटीएल या सी++ च्या प्रमाणित लायब्ररीचे की लायब्ररीचे स्वतःचे आणि जुन्या आवृत्तीशी सुसंगतता एवढेच असते. घटक चालू-बंद करणाऱ्या ‘डब्ल्यूएक्स-यूज’ मॅक्रोंपैकी एकही तिच्यात नसतो. दोन्हीकडे निम्मे पर्याय वेगळे असले तरी ती निमूटपणे पुढे जाऊ देते.

शोध कसा लागला

गाठ सुटली ती एका साध्या प्रश्नाने. कंपनीतल्या ज्येष्ठ प्रोग्रामरपुढे नवा मुलगा म्हणत होता, “ताई, तुमच्याकडे चालतंय म्हणजे कोड बरोबर आहे. माझ्या मशीनचाच काहीतरी लोचा असणार.” त्यावर त्या म्हणाल्या, “मशीन राहू दे. तुझा कंपायलर कुठली सेटअप फाइल उघडतोय, ते दाखव मला आधी.”

हे दाखवणे अवघड नाही, आणि खरे तर सुरुवातच तिथून व्हायला हवी. मायक्रोसॉफ्टच्या सीएल कंपायलरला ‘शोइन्क्लूड्स’ हा पर्याय दिला की उघडलेल्या प्रत्येक हेडरचा पूर्ण पत्ता छापून येतो. जीसीसी आणि क्लँगला हेच काम मोठ्या लिपीतला ‘एच’ हा पर्याय सांगतो. एकच सी++ फाइल असा पर्याय देऊन कंपाइल केली आणि निकालात ‘सेटअप.एच’ शोधली.

पत्ता ‘लिब’मधला नव्हता. तो ‘इन्क्लूड’मधल्या ‘डब्ल्यूएक्स’ फोल्डरचा होता, आणि या फोल्डरच्या अगदी वरच्या पातळीवर सेटअप.एच मुळात असायलाच नको.

ती कुठून आली याचा माग गिटच्या इतिहासात मिळाला. बऱ्याच आधी कुणाला तरी ‘डब्ल्यूएक्स/सेटअप.एच उघडता येत नाही’ ही सी१०८३ त्रुटी आली होती. प्रोजेक्टच्या इन्क्लूड मार्गांत ‘लिब’मधला फोल्डर टाकायचा राहिला की ती हमखास येते. त्यावर उपाय म्हणून मूळ फाइल उचलून वरच्या फोल्डरमध्ये चिकटवली, त्रुटी गेली, आणि बदल गिटमध्ये जमा झाला. तेव्हापासून प्रत्येक मशीन हीच गोठलेली प्रत वाचत होते. पर्याय मूळचेच होते तोवर दोन्ही प्रती सारख्या राहिल्या आणि कुणाला काही जाणवले नाही. ज्या मशीनवर नवी लायब्ररी बनली तिथे मार्ग दुरुस्त केलेला होता, म्हणून तेवढ्या एका ठिकाणी सगळे जुळत होते.

शून्याचा अर्थ दोन प्रकारचा

हा भाग सावकाश वाचावा. पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

मीडिया कंट्रोलला शून्य दिले की तो क्लासच लायब्ररीत राहत नाही. प्रोग्रामच्या बाजूने जुनी फाइल वाचून कुणी तो वापरलाच, तर लिंकर लगेच एलएनके२०१९ ही त्रुटी देऊन थांबतो, कारण त्याला ते नाव सापडत नाही. बिघाड होतो, पण बिल्ड करतानाच, आणि नावासकट. वेबव्ह्यू, रिबन, रंगीत संपादक, रिचटेक्स्ट हे सगळे याच जातीचे. अख्खा घटक असतो किंवा नसतो.

टूलटिपचे तसे नाही. प्रत्येक खिडकीचा मूळ पूर्वज असलेल्या ‘डब्ल्यूएक्सविंडोबेस’ या क्लासच्या आतच टूलटिपचा एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आहे, आणि तो ‘जर टूलटिप चालू असेल तर’ या अटीत गुंडाळलेला आहे. पर्याय बंद केला की ६४-बिट बिल्डमध्ये तो ८ बाइटचा पॉइंटर जातो आणि त्याच्या मागचे सगळे सदस्य ८ बाइट अलीकडे सरकतात. मागे कोण आहे? खिडकीचा सायझर, म्हणजे तिच्यातल्या बटणांची मांडणी करणारी वस्तू. सायझर परत देणारे ‘गेटसायझर’ हे फंक्शन हेडरमध्येच लिहिलेले आहे, म्हणून ते प्रोग्रामच्या बाजूने कंपाइल होते आणि जुन्या मापाने ८ बाइट पलीकडे वाचते. तिथे असतो ‘ही खिडकी ज्या सायझरमध्ये आहे’ त्याचा पॉइंटर. मुख्य खिडकी कोणत्याच सायझरमध्ये नसते, म्हणून तो रिकामा. त्याच्यावर लेआउट मागितला की कोसळले.

त्याहून वाईट गोष्ट व्हर्च्युअल फंक्शनांची, म्हणजे ज्यांचा पत्ता चालताना एका तक्त्यातून शोधला जातो त्यांची. त्याच अटीत टूलटिप लावणारी दोन व्हर्च्युअल फंक्शनेही आहेत. ती गेली की फंक्शनांच्या तक्त्यात त्यांच्या मागची प्रत्येक नोंद दोन घरे अलीकडे येते. वाड्यातल्या दोन खोल्या पाडून उरलेल्यांना नवे क्रमांक दिले आणि टपालवाल्याच्या हातात जुनी यादीच राहिली, तर पत्रे जशी शेजाऱ्याकडे पडतील, तसे लायब्ररीचे कॉल भलत्या फंक्शनमध्ये पडत होते. कॉलस्टॅक अर्थहीन दिसत होता तो यामुळे.

याच जातीचे आणखी पर्याय आहेत: ड्रॅग अँड ड्रॉप, व्हॅलिडेटर, कॅरेट, ॲक्सिलरेटर, ॲक्सेसिबिलिटी. हे सगळे मूळ खिडकीच्या पोटात सदस्य किंवा फंक्शने ठेवतात. ओळखायची खूण एकच. त्या मॅक्रोचे नाव ‘इन्क्लूड’ फोल्डरमध्ये शोधावे. ते एखाद्या क्लासच्या महिरपी कंसाच्या आत अट म्हणून दिसले तर पर्याय क्लासचा आकार बदलतो. फाइलीच्या अगदी वर एकदाच दिसले आणि सगळी फाइल त्यात गुंडाळलेली असली तर तो घटकाचा पर्याय. हा शोध घ्यायला काही मिनिटेच लागतात, आणि कोणत्याही पर्यायाला हात लावण्याआधी तो घ्यावाच.

कोणते मार्ग विचारात घेतले

पहिला मार्ग: सगळे पर्याय मूळ स्थितीत परत न्यायचे. हा वाटतो तेवढा पराभवाचा मार्ग नाही. स्टॅटिक लिंकिंगमध्ये, म्हणजे लायब्ररी प्रोग्राममध्येच भरली जाते तेव्हा, लिंकर फक्त लागणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलीच उचलतो. न वापरलेला रिबन लायब्ररीत असला तरी प्रोग्राममध्ये येत नाही. वेबव्ह्यू, मीडिया आणि जाळ्याचा भाग विंडोजवर मूळ बिल्डमध्ये वेगवेगळ्या ‘.लिब’ फाइलींत असतात. त्या लिंकच करायच्या नाहीत, एवढ्याने ग्राहकाची अट बरीचशी पुरी होते. अडचण एवढीच की संगणक विभागाला ‘बंद आहे’ असे लेखी हवे होते आणि ‘वापरत नाही’ हे त्यांना पुरेसे वाटत नव्हते.

दुसरा मार्ग: प्रोजेक्टच्या सेटिंगमध्येच टूलटिपचा मॅक्रो शून्य देऊन मोकळे व्हायचे. हा लगेच फेटाळला. सेटअप.एच तोच मॅक्रो पुन्हा जाहीर करते, त्यामुळे पुनर्व्याख्येचा सी४००५ इशारा येतो आणि शेवटी किंमत फाइलीचीच लागू होते. शिवाय ही सेटिंग लायब्ररीला कळत नाही. म्हणजे जुळणीचा प्रश्न आणखी एका ठिकाणी पसरतो.

तिसरा मार्ग: लिनक्सवर वितरणाचे तयार पॅकेज आणि विंडोजवर आपले बिल्ड. डेबियन १२ या लिनक्स वितरणात ३.२ मालिका पॅकेज म्हणून मिळते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येतात, हा मोठा फायदा. पण त्यातले पर्याय पॅकेज करणाऱ्यांनी ठरवलेले असतात आणि ग्राहकाची अट तिथे चालत नाही.

चौथा मार्ग: दोन्हीकडे सीमेक या बिल्डच्या साधनाने बिल्ड करायचे. सीमेकमध्ये हेच मॅक्रो त्याच नावांनी पर्याय म्हणून देता येतात. सगळ्यांची एकच यादी एका फाइलीत लिहून ती सुरुवातीची कॅश म्हणून द्यायची, की विंडोज आणि लिनक्स दोन्ही तीच यादी वाचतात. लायब्ररी आणि हेडर एकाच ठिकाणी इन्स्टॉल करून तो अख्खा फोल्डर एक वस्तू म्हणून वाटायचा.

लायब्ररीचा स्रोत प्रोग्रामच्याच झाडात घालून प्रत्येक वेळी एकत्र बिल्ड करावा, असाही एक प्रस्ताव होता. जुळणीच्या दृष्टीने तो सर्वांत भक्कम, कारण दोघांची सेटअप.एच एकच राहते. बिल्डचा वेळ वाढतो म्हणून तो मागे ठेवला. दोन-तीन जणांच्या संघाने मात्र त्याचा आधी विचार करावा असे आमचे मत आहे.

काय ठरले आणि काय केले

चौथा मार्ग निवडला, पण पर्यायांची यादी बदलून. घटकांचे पर्याय बंद ठेवले. क्लासचा आकार बदलणारे सगळे पर्याय मूळ किमतीवर परत नेले, टूलटिपसकट. टूलटिप दिसायला नको असतील तर प्रोग्राम चालू झाल्यावर ‘डब्ल्यूएक्सटूलटिप’ क्लासच्या ‘एनेबल’ फंक्शनला खोटे सांगितले की झाले. चालताना करता येते ते कंपाइल करताना करू नये, हा नियम तिथेच लेखी झाला.

मग क्रमाने पुढचे केले.

गिटमधली ‘इन्क्लूड’मधली उपरी सेटअप.एच काढून टाकली. ती पुन्हा दिसली तर बिल्ड थांबावे म्हणून सीमेकच्या फाइलीत तशी तपासणी घातली.

‘डब्ल्यूएक्स-अबॉर्ट-ऑन-कॉन्फिग-एरर’ हा मॅक्रो चालू केला. लायब्ररीत ‘चेककॉन्फ.एच’ ही फाइल पर्यायांचे आपसांतले नाते तपासते. उदाहरणार्थ, एक्सआरसीला (खिडक्यांची रचना फाइलीतून वाचणाऱ्या भागाला) एक्सएमएल लागते, आणि एचटीएमएल मदतखिडकीला मदत आणि एचटीएमएल दोन्ही. नाते तुटले तर हा मॅक्रो नसताना फाइल एखादा पर्याय गुपचूप बदलून पुढे जाते. मॅक्रो असेल तर तिथेच थांबते. थांबलेले बरे.

प्रोग्रामच्या बाजूने ‘गरजा’ नावाचे छोटे हेडर लिहिले. प्रोग्रामला जे जे लागते त्या प्रत्येक मॅक्रोसाठी तिथे एक ओळ आहे: किंमत १ नसेल तर कंपाइल थांबव. आधी कोडमध्ये जागोजागी ‘पर्याय असेल तर हा भाग घे’ अशा अटी होत्या. त्यामुळे पर्याय नसला की तो भाग निमूट गळून जाई आणि कुणाला पत्ता लागत नसे.

आणि सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट: आकार बदलणाऱ्या पर्यायांच्या किमती ओळीने जोडून एक अक्षरमाला बनवणारे हेडर, आणि तिच्या जोडीला मूळ खिडकी व फ्रेम यांचे ‘साइझऑफ’ (बाइटमधला आकार). हेच हेडर दोनदा कंपाइल होते. एकदा लायब्ररी बांधताना, तिच्यासोबत वाटल्या जाणाऱ्या एका लहान लायब्ररीत. दुसऱ्यांदा प्रोग्राममध्ये. प्रोग्राम सुरू होताच, एकही खिडकी बनण्याआधी, ‘ऑनइनिट’च्या पहिल्या ओळीत दोन्ही ताडून पाहिली जातात. जुळली नाहीत तर विंडोजच्या मूळ मेसेजबॉक्सने आणि लिनक्सवर टर्मिनलवर दोन्ही अक्षरमाला छापून प्रोग्राम बंद होतो. हा संदेश डब्ल्यूएक्सच्या खिडकीत दाखवू नये, कारण त्या क्षणी तीच भरवशाची नसते. फक्त आकार ताडणेही पुरत नाही. एखादा लहान सदस्य भरावाच्या मोकळ्या बाइटमध्ये बसून जातो आणि आकार तोच राहतो. व्हर्च्युअल फंक्शने वाढली-घटली तर वस्तूचा आकार बदलतच नाही. म्हणून अक्षरमाला हवीच.

सीमेकमध्येही एक सापळा आहे. सुरुवातीच्या कॅशची फाइल पहिल्यांदा वाचली की किमती बिल्डच्या फोल्डरमध्ये साठतात. नंतर फाइल बदलून पुन्हा चालवली तरी, सक्तीचा शब्द लिहिलेला नसेल तर, साठलेली किंमतच खरी धरली जाते. शिवाय सीमेक स्वतःची सेटअप.एच घडवते, त्यामुळे ‘एमएसडब्ल्यू’ फोल्डरमधली मूळ फाइल बदलून इथे काहीच होत नाही. मेकफाइलवाल्या जुन्या पद्धतीतही याची भावंडे आहेत: ‘लिब’मध्ये प्रत आधीच असेल तर मूळ फाइल बदलून ती बदलत नाही. नियम दोन्हीकडे एकच ठेवला. पर्याय बदलला की बिल्डचा फोल्डर पूर्ण पुसायचा.

लिनक्सची बाजू

लिनक्सवर हा क्रॅश कधीच झाला नव्हता. ‘डब्ल्यूएक्स-कॉन्फिग’ ही स्क्रिप्ट हेडरचे मार्ग आणि लायब्ररींची नावे एकत्रच देते, त्यामुळे जोडी तुटायला जागा राहत नाही. तिथली अडचण वेगळी निघाली.

प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत डेटाबेसचा पासवर्ड ‘डब्ल्यूएक्ससीक्रेटस्टोअर’ या क्लासमार्फत सुरक्षित ठेवायचे ठरले होते. लिनक्सवर त्याला लिबसीक्रेट ही लायब्ररी लागते. बिल्ड करणाऱ्या नव्या मशीनवर तिचे डेव्हलपमेंट पॅकेज नव्हते. कॉन्फिगरने इशारा छापला, तो शेकडो ओळींत वाहून गेला, आणि पर्याय शून्य झाला. प्रोग्राममध्ये तो भाग अटीत होता, त्यामुळे सगळे सुरळीत कंपाइल झाले. बाकावरचा ऑपरेटर रोज सकाळी पासवर्ड पुन्हा टाकत होता आणि ‘नव्या आवृत्तीत तसंच असेल’ असे समजून चालला होता. ‘गरजा’ हेडर आल्यावर हे पहिल्याच बिल्डला उघड झाले. पॅकेज टाकले. त्यानंतर कळले की बाकावरच्या संगणकात किल्ल्या सांभाळणारी सेवाच चालू नव्हती. म्हणजे पर्याय कंपाइल झालेला असला तरी चालताना ‘इजओके’ विचारावेच लागते. नसेल तर पासवर्ड साठवता येत नाही हे ऑपरेटरला स्पष्ट सांगायचे, असा बदल केला.

दुसरी खबरदारी: मशीनवर वितरणाचे पॅकेजही असेल तर नुसते ‘डब्ल्यूएक्स-कॉन्फिग’ लिहिल्यावर कोणते धावेल याचा नेम नाही. आपल्या बिल्डमधल्या स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता द्यावा. ‘लिस्ट’ पर्यायाने उपलब्ध बिल्डे दिसतात.

निष्पत्ती

क्रॅश थांबला. ग्राहकाच्या संगणक विभागाला पर्यायांची फाइल दिली. सोबत विंडोजवरच्या ‘डंपबिन’च्या ‘डिपेंडंट्स’ची आणि लिनक्सवरच्या ‘एलडीडी’ची यादी जोडली, ज्यात ब्राउझर किंवा मीडियाची एकही बाहेरची लायब्ररी नव्हती. त्यांनी ते मान्य केले.

इन्स्टॉलरच्या आकाराबाबत मात्र अंदाज चुकला होता. पर्याय बंद केल्याने तो फारसा घटला नाही, कारण न वापरलेले भाग आधीही येत नव्हतेच. खरे वजन दोन ओळींत होते. एक, एक्सआरसीचे ‘इनिटऑलहँडलर्स’. ही ओळ प्रत्येक प्रकारच्या कंट्रोलचा हँडलर आणि त्यामागून तो कंट्रोलही प्रोग्राममध्ये ओढून आणते. दुसरी, सगळ्या चित्रप्रकारांचे हँडलर एकदम लावणारी ओळ. दोन्ही काढून लागतील तेवढेच हँडलर एकेक करून जोडले, चित्रांसाठी फक्त पीएनजी, तेव्हा फाइल नजरेत भरेल इतकी लहान झाली. सेटअप.एचला हात न लावता हे पहिल्या दिवशीच करता आले असते.

कोणत्या वळणावर वेगळे करता आले असते

सर्वांत महत्त्वाचे वळण सी१०८३ त्रुटीचे. हेडर सापडत नाही म्हणून ते सापडेल तिथे चिकटवणे हा उपाय नाही. विंडोजवर योग्य उपाय लायब्ररीतच आहे: ‘इन्क्लूड’मधला ‘एमएसव्हीसी’ फोल्डर मार्गांत सर्वांत आधी ठेवायचा. तिथली सेटअप.एच स्वतः काही ठरवत नाही, चालू बिल्डप्रमाणे ‘लिब’मधली खरी प्रत उचलते आणि लागणाऱ्या लायब्ररीही जोडते. प्रोजेक्टला लायब्ररीसोबतची ‘डब्ल्यूएक्सविजेट्स.प्रॉप्स’ फाइल लावली तर हेच आपोआप होते.

दुसरे वळण, लायब्ररी एका वाटेने आणि हेडर दुसऱ्या वाटेने वाटण्याचे. ‘.लिब’ फाइली सामायिक फोल्डरमधून आणि हेडर गिटमधून, ही रचना पर्याय मूळचे असेपर्यंतच टिकते.

तिसरे, क्रॅशच्या पहिल्या तासाचे. एकाच कोडचे दोन मशीनांवर दोन निकाल येतात आणि कंपायलर एकच आहे, तेव्हा आपल्या कोडमध्ये शिरण्याआधी दोन्हीकडे उघडलेल्या हेडरांची यादी काढून ती एकमेकींशी ताडावी. इथे फरक एकाच ओळीचा होता.

एका गोष्टीवर संघात अजून एकमत नाही. ॲक्सेसिबिलिटीचा पर्याय बंद करावा का, असा प्रश्न नंतर निघाला, कारण चाचणीच्या बाकावर स्क्रीन रीडर कुणी वापरत नाही. एका बाजूचे म्हणणे, अक्षरमालेची तपासणी आता आहे, तेव्हा आकार बदलणारा पर्यायही निर्धास्तपणे बदलता येईल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, हेच सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या टेबलावरही चालते, आणि तिथे उद्या कोण बसेल हे आज ठरवणे आपले काम नाही. आम्हाला दुसरी बाजू पटते. तूर्त तो पर्याय १ वरच ठेवला आहे.